‘ती’ आधीपासून होती, की मागाहून आली?

इसवी सनापूर्वी १२५९च्या सुमारास हित्ती राजा तिसरा हत्तुशिली आणि इजिप्तचा राजा दुसरा रामसेस यांच्यात तह झाला. चांदीच्या पत्र्यावर कोरलेल्या त्या तहाचं वर्णन कर्नाकच्या देवळाच्या भिंतीवर आहे. पत्र्याच्या एका बाजूला राजाची मुद्रा होती आणि दुसऱ्या बाजूला राणी पुदुहेपाची. ही राणी रामसेसशी स्वतःच्या नावानं पत्रव्यवहार करायची. पण हित्ती भाषेत पुदुहेपाबद्दल बोलताना ‘ती’ म्हणायची सोय नव्हती. राजाला जे सर्वनाम, तेच राणीला.

“सोय नव्हती, की होती आणि मोडली?” मावशीनं विचारलं.

मावशीनं आयुष्यभर महाविद्यालयात संस्कृत शिकवलं. तिच्यासमोर बसलेली भाची ऐतिहासिक भाषाविज्ञानात संशोधन करते. मावशीचा प्रश्न साधा वाटला, तरी त्यावर भाषाशास्त्रज्ञ शंभरेक वर्षं वाद घालताहेत. भारोपीय भाषाकुळात स्त्रीलिंगी सर्वनाम मुळापासून होतं, की ते मागाहून घडलं? दोघींची उत्तरं वेगळी होती आणि दोघींच्या हातात पुरावा होता.

आधी हित्तीची हकिगत. तुर्कस्तानातल्या बोआझक्यॉय इथे १९०६ साली ह्यूगो विंकलरनं उत्खनन सुरू केलं आणि कीलाक्षरी लिपीतल्या मातीच्या पाट्यांचा प्रचंड साठा हाती आला. लिपी वाचता येत होती, भाषा कळत नव्हती. १९१५ साली बेद्रिख ह्रोझ्नी या चेक अभ्यासकानं दाखवून दिलं, की ही भाषा संस्कृत, ग्रीक, लॅटिनच्याच कुळातली आहे. तिच्यात पाण्याला ‘वातर’ म्हणत. कुळातल्या सगळ्या भाषांमध्ये हित्तीचं लेखन सर्वांत जुनं. साहजिकच सगळ्यांची अपेक्षा होती, की जितकी जुनी भाषा तितकं भरघोस व्याकरण सापडेल. सापडलं उलटंच. हित्तीत लिंगं दोनच. माणसं, जनावरं, देव आणि पुष्कळशा वस्तूही एका गटात, उरलेलं नपुंसकात. वाक्याच्या आरंभीच्या अव्ययाला ‘-अश्’ जोडलं, की ‘तो’ही झाला आणि ‘ती’ही. नपुंसकासाठी ‘-अत्’. तिसरं काही नाही.

“म्हणजे मोडली,” मावशी ठामपणे म्हणाली. “हे बघ. संस्कृतात सः, सा, तत्. ग्रीकमध्ये हो, हे, तो. गॉथिकमध्ये पुल्लिंगी ‘स’, स्त्रीलिंगी ‘सो’ आणि नपुंसकलिंगी ‘थता’. शब्दाच्या सुरुवातीचा ‘स’ ग्रीकमध्ये ‘ह’ होतो, हे तूच मला सांगितलं होतंस. तीन भाषा एकमेकींपासून हजारो मैल दूर, आणि तिन्हींत फक्त ‘तो’ आणि ‘ती’च्या प्रथमेच्या एकवचनात ‘स’. बाकी सगळीकडे ‘त’. सः, पण तम्. सा, पण ताम्. असा विचित्रपणा तीन ठिकाणी आपोआप उगवत नाही. पाणिनीला त्याच्यासाठी सातव्या अध्यायात वेगळं सूत्र द्यावं लागलं. ही ‘सा’ मूळ घरातलीच आहे.”

“मूळ घरातली आहे, हे मलाही मान्य आहे मावशी. पण कोणत्या मूळ घरातली? संस्कृत, ग्रीक आणि गॉथिकच्या. हित्ती त्याआधीच वेगळी निघाली असेल तर?”

“आणि निघाल्यावर तिनं ‘सा’ टाकून दिली असेल तर? टाकणाऱ्या भाषा काय कमी आहेत? दारियसच्या शिलालेखांतल्या जुन्या फारसीत लिंगं होती, आजच्या फारसीत ‘ऊ’ म्हणजे तोही आणि तीही. आर्मेनियन पाचव्या शतकात पहिल्यांदा लिहिली गेली तेव्हाच तिच्यात लिंगभेद उरला नव्हता. बंगालीचं ‘से’ घे, किंवा हिंदीचं ‘वह’ घे. संस्कृतच्या या लेकींनी ‘सा’ जपली नाही. मग हित्तीनंच का जपावी?”

हा युक्तिवाद वजनदार आहे, आणि जुन्या पिढीतल्या मोठमोठ्या अभ्यासकांनी तो केलेला आहे. लिंगं गळून पडणं ही भाषांमध्ये रोजची घटना. नवं लिंग घडणं मात्र क्वचित दिसतं. शक्यतांचा विचार केला, तर मावशीचं पारडं जड.

भाचीनं शक्यतांऐवजी अवशेषांकडे लक्ष वेधलं. एखादी गोष्ट भाषेतून जाते तेव्हा खुणा ठेवून जाते. हिंदीच्या ‘वह’ला लिंग नाही, पण ‘वह गया, वह गई’ असं क्रियापद अजून सांगतंच. स्वीडिश आणि डॅनिश भाषांचं उदाहरण तर हित्तीच्या जोडीला ठेवण्यासारखं आहे. त्यांच्यात नामांचं पुल्लिंग आणि स्त्रीलिंग एकत्र मिसळून एक सामाईक लिंग झालं, वेगळं राहिलं ते नपुंसक. थेट हित्तीसारखीच मांडणी. पण माणसांबद्दल बोलताना स्वीडिशमध्ये ‘हान’ म्हणजे तो आणि ‘हुन’ म्हणजे ती, हा भेद टिकून आहे. इंग्रजीनं नामांची लिंगं केव्हाच सोडली. ‘ही’ आणि ‘शी’ ही सर्वनामं सोडली नाहीत. लिंगव्यवस्था ढासळत जाते तेव्हा माणसांसाठीचं सर्वनाम बहुतेक वेळा सर्वांत शेवटी पडतं.

“हित्तीत सर्वनामातही काही नाही, विशेषणात नाही, क्रियापदात नाही,” भाची म्हणाली. “इतक्या जुन्या काळी इतकी साफ पुसलेली पाटी? मला पटत नाही. आणि खुणा हित्तीतच शोधायला नकोत. तुझ्या संस्कृतात शोधू. पितृ आणि मातृ चालवून दाखव.”

मावशीला चालवून दाखवायची गरज नव्हती. पिता, माता, पितरम् आणि मातरम्, पित्रा आणि मात्रा. द्वितीयेच्या अनेकवचनात पितॄन् आणि मातॄः एवढा फरक, बाकी दोन्ही शब्द हातात हात घालून चालतात. आई, बहीण, लेक ही भाषेतली सर्वांत जुनी स्त्रीवाचक नामं. मातृ, स्वसृ, दुहितृ यांतल्या एकालाही स्त्रीलिंगाचा ‘आ’ किंवा ‘ई’ प्रत्यय नाही. जणू ते शब्द घडले तेव्हा त्या प्रत्ययाला अजून हे काम मिळालेलं नव्हतं.

“आणि आपली सून,” भाची पुढे म्हणाली. “संस्कृत स्नुषा, प्राकृत सुण्हा, मराठी सून. संस्कृतात शेवटी ‘आ’ आहे. पण ग्रीकमध्ये सुनेला ‘नुओस’ म्हणतात आणि तो शब्द ‘अदेल्फोस’, म्हणजे भाऊ, या शब्दासारखा चालतो. लॅटिनमध्ये ‘नुरुस’. तिथेही ‘आ’ नाही. ग्रीक आणि लॅटिननं स्त्रीवाचक शब्दाचा स्त्रीप्रत्यय काढून त्याला पुरुषी शेपूट लावलं, असं कोण म्हणेल? उलट घडलं असणार. मूळ शब्द बिनप्रत्ययाचा होता, संस्कृतनं नंतर त्याला नीटनेटका ‘आ’ दिला.”

सुनेचा हा दाखला मावशीला लागला. ती काही वेळ बोलली नाही, आणि मग तिनं असा पुरावा काढला, की भाचीला सावरून बसावं लागलं.

“तिस्रः,” मावशी म्हणाली. “चतस्रः. तीन बायका आणि चार बायका. त्रयः आणि चत्वारः पुरुषांसाठी. यातलं ‘स्र’ कुठून आलं? स्वसृमधलाच तो ‘सर’, बाई या अर्थाचा. आयर्लंड आणि वेल्समध्येही हेच आहे. वेल्शमध्ये पुल्लिंगी तीन ‘त्री’ आणि स्त्रीलिंगी ‘तैर’. पुल्लिंगी चार ‘पेद्वार’ आणि स्त्रीलिंगी ‘पेदैर’. आणि तुझ्या हित्तीत राजा ‘हश्शुश्’, राणी ‘हश्शुश्शरश्’. धनी ‘इश्हाश्’, धनीण ‘इश्हश्शरश्’. तोच ‘सर’! बाईसाठी वेगळी खूण हित्तीपासून वेल्शपर्यंत सगळीकडे आहे आणि तू म्हणतेस स्त्रीलिंग मागाहून आलं.”

“खूण होती, लिंग नव्हतं,” भाची म्हणाली.

“म्हणजे?”

“हंगेरियनमध्ये राजा ‘किराय’, राणी ‘किरायनो’. यातलं ‘नो’ म्हणजे बाई. पण दोघांनाही सर्वनाम एकच. हंगेरियनमध्ये लिंगच नाही. राणीसाठी वेगळा शब्द घडवणं म्हणजे शब्दनिर्मिती. त्या शब्दामुळे शेजारच्या विशेषणाला, दर्शकाला, सर्वनामाला आपलं रूप बदलावं लागलं, की मग ते लिंग. ‘चांगली राणी’ म्हणताना ‘चांगला’चा ‘चांगली’ झाला पाहिजे. हित्तीत राणी चांगलीच असली तरी ‘चांगला’ बदलत नाही.”

“तिस्रःमध्ये मात्र बदललाय,” मावशीनं तिथल्या तिथे पकडलं. “तिस्रः हे संख्याविशेषण आहे. ते बाईशी जुळवून घेतंय.”

इथे मावशीचा मुद्दा बिनतोड होता आणि भाचीनं तो मान्य केला. हित्तीत संख्यावाचकांची अशी रूपं मिळत नाहीत, एवढंच ती म्हणाली. या लेखापुरतं सांगायचं, तर दोघींच्या बोलण्यातून जे चित्र उभं राहतं ते एकट्या कुणाच्याही मतापेक्षा जास्त खरं वाटतं. भारोपीय बोलणाऱ्यांनी बाईसाठी व्याकरणात जागा करण्याचा एक प्रयत्न ‘सर’ या शब्दानं केला. तीन आणि चार या संख्यांपर्यंत तो पोचला आणि थांबला. दुसरी वाट ‘आ’ आणि ‘ई’ या प्रत्ययांची. ती थेट ‘सा’पर्यंत, आणि तिथून सगळ्या भाषेत गेली. मराठीनं तिस्रः कधीच टाकली; आपलं ‘तीन’ नपुंसकलिंगी ‘त्रीणि’मधून आलंय. पण तिघे, तिघी आणि तिघं असा भेद आपण पुन्हा स्वतःच्या साधनांनी उभा केला.

मग प्रश्न उरतो, हा ‘आ’ आला कुठून?

यावर एकोणिसाव्या शतकात जर्मनीत मोठं रण माजलं होतं. परीकथांच्या संग्रहामुळे जगभर ठाऊक असलेल्या याकोब ग्रिमनं १८३१ साली आपल्या जर्मन व्याकरणाच्या तिसऱ्या भागात लिंगाची उपपत्ती मांडली. आदिमानवानं वस्तूंमध्ये स्त्री-पुरुष पाहिले, मोठं, आधीचं, कणखर ते पुल्लिंगी, आणि लहान, मागाहूनचं, मऊ ते स्त्रीलिंगी, अशी ती कल्पना. जर्मनमध्ये पाय पुल्लिंगी आणि हात स्त्रीलिंगी, कारण हात लहान! कार्ल ब्रुगमाननं हे सगळं फेटाळलं. १८९६ साली प्रिन्स्टनला दिलेल्या व्याख्यानात त्यानं सांगितलं, की ‘आ’ या प्रत्ययाचा स्त्रीत्वाशी मुळात संबंध नव्हता. तो भाववाचक आणि समूहवाचक नामांचा प्रत्यय होता. बाईसाठीच्या ‘ग्ना’सारख्या एकदोन शब्दांच्या शेवटी तो योगायोगानं होता, आणि त्या शब्दांवरून लोकांना वाटू लागलं, की ‘आ’ म्हणजेच बाई. ऋग्वेदातली ‘ग्ना’, ग्रीक ‘गुने’, रशियन ‘झेना’, फारसी ‘झन’, इंग्रजी ‘क्वीन’ हे सगळे एकाच मुळाचे.

“हा वाद आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वी झालाय,” मावशी म्हणाली. तिचं बरोबर होतं. पाणिनीच्या चौथ्या अध्यायात स्त्रीप्रत्ययांचा अधिकार सुरू होतो, तिथे पतंजलीनं महाभाष्यात शारीरिक खुणांवरून लिंग ठरवायचं मत तपासून बाजूला सारलं. खाटेला, म्हणजे खट्वेला, कसल्या शारीरिक खुणा? नदीचा काठ तटः, तटी, तटम् असा तिन्ही लिंगांत चालतो, तो काय एकाच वेळी तीन प्राणी आहे? बायकोला भार्या म्हणा तर स्त्रीलिंग, कलत्र म्हणा तर नपुंसक, दाराः म्हणा तर चक्क पुल्लिंगी अनेकवचन. ग्रिमनं हे वाचलं असतं तर जर्मन पायाबद्दल तो जरा जपून बोलला असता.

समूहवाचक प्रत्ययाचा पुरावा योहानेस श्मिटनं १८८९ साली एका जाडजूड ग्रंथात गोळा केला. नपुंसकलिंगाच्या अनेकवचनाचा ‘आ’ आणि स्त्रीलिंगाच्या एकवचनाचा ‘आ’ हे मुळात एकच, असं त्याचं म्हणणं. वेदात ‘विश्वा’ हे रूप नपुंसकलिंगी अनेकवचनही असतं आणि स्त्रीलिंगी एकवचनही. ग्रीकमध्ये कर्ता नपुंसकलिंगी अनेकवचनी असला तर क्रियापद एकवचनी येतं. ‘प्राणी धावतात’ऐवजी ‘प्राणी धावतो’. हित्तीतही तसंच. म्हणजे हे अनेकवचन खरं तर ‘ढीग’, ‘समुदाय’ अशा अर्थाचं एकवचन होतं. अशी वाटचाल नंतरच्या काळात उघड्यावर घडलेली दिसते. लॅटिनमध्ये ‘फोलिया’ म्हणजे पानं, नपुंसकलिंगी अनेकवचन. इटालियनमध्ये त्याचं ‘फोल्या’ झालं, एक पान, स्त्रीलिंगी एकवचन.

“मराठीतही आहे!” भाची उत्साहानं म्हणाली. “ती मुलगी आणि ती मुलं. स्त्रीलिंगी एकवचन आणि नपुंसकलिंगी अनेकवचन, दोन्हींना ‘ती’!”

“थांब,” मावशीनं अडवलं. “१९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधी आम्ही काय लिहायचो? ‘ती मुलगी’ बिनअनुस्वाराची, आणि ‘तीं मुलें’ अनुस्वाराची. तो अनुस्वार उगाच नव्हता. संस्कृत ‘तानि’, प्राकृत ‘ताइं’, त्यातलं नाक अनुस्वारात उरलं होतं. मुलगीच्या ‘ती’चं मूळ ते नव्हे. आज दोन्ही सारखी दिसतात ती अनुस्वार पुसल्यामुळे. श्मिटला साक्षीदार म्हणून मराठी ‘ती’ चालायची नाही.”

भाचीनं तो पुरावा तिथेच सोडून दिला. रूपं सारखी दिसली म्हणून नातं जोडायचं नाही, हा तिच्याच शास्त्राचा पहिला धडा.

“आणि मला मुख्य गोष्ट अजून कळलेली नाही,” मावशी पुढे म्हणाली. आता तिच्या आवाजात धार होती. “ढीग, गोळाबेरीज, समुदाय. या अर्थाचा प्रत्यय बाईला का लागावा? बाई काय ढीग आहे?”

समूहवाचक उपपत्तीची सर्वांत कच्ची जागा हीच, आणि तज्ज्ञांनाही ती ठाऊक आहे. सिल्विया लुरागी यांच्यासारख्या आजच्या अभ्यासकांनी समूह आणि स्त्रीत्व यांना थेट जोडण्याऐवजी या प्रत्ययाच्या वेगवेगळ्या उपयोगांचा आणि सर्वनामांतल्या जुळणीचा वेगळा विचार केला आहे. मात्र समुदायवाचक शब्द एका बाईवर येऊन थांबतो, याचा पुरावा मराठी घरात फार लांब शोधावा लागत नाही. भाचीनं तो दिला.

“आजोबा आजीबद्दल परक्यांशी बोलताना काय म्हणायचे?”

“आमचं कुटुंब,” मावशी म्हणाली. आणि क्षणभरानं, “किंवा आमची मंडळी.”

कुटुंब म्हणजे सगळं घर. मंडळी म्हणजे जमलेली माणसं. दोन्ही समूहवाचक, आणि दोन्हींचा अर्थ गेल्या पिढ्यांच्या मराठीत ‘बायको’. संस्कृतातलं ‘दाराः’ हे अनेकवचन असूनही अर्थ एकीचाच. जर्मनमध्ये ‘फ्राउएनत्सिमर’ म्हणजे आधी बायकांचा महाल, मग त्या महालातल्या सगळ्या बायका, आणि शेवटी एकटी बाई. नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायचं नाही, तिच्याकडे थेट बोट दाखवायचं नाही, म्हणून घराचं, जागेचं, समुदायाचं नाव तिच्यावर ठेवायचं, ही वागण्यातली रीत शब्दार्थ बदलवते. सहा हजार वर्षांपूर्वी हेच घडलं, असं यातून सिद्ध होत नाही. पण असं घडू शकतं, याला ‘आमचं कुटुंब’ हा पुरेसा दाखला आहे.

मावशीला हे आवडलं नाही, पण नाकारताही आलं नाही.

आता सर्वनामाकडे. एखाद्या नामाला ‘आ’ लागला म्हणून लिंग होत नाही, हे भाचीनं आधीच सांगितलं होतं. मग तो ‘आ’ नामावरून ‘सा’वर कसा उडी मारून गेला? आंत्वान मेये या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञानं १९३१ साली स्त्रीलिंगाच्या कालक्रमावर निबंध लिहिला आणि स्त्रीलिंगाचा उगम समजून घ्यायला दर्शक सर्वनामाकडे पाहायला हवं, हे ठसवलं. १९५६ साली आंद्रे मार्तिनेनं ती वाट पुढे नेली. सजीवांसाठी एकच ‘सो’ होता. ‘सो ग्वेना’ म्हणजे ‘ही बाई’. दोन शब्द शेजारी, एकाच्या शेवटी ‘ओ’, दुसऱ्याच्या शेवटी ‘आ’. बोलणाऱ्यांनी पहिल्याला दुसऱ्याच्या यमकात बसवलं आणि ‘सा ग्वेना’ झालं. एकदा ‘सा’ तयार झाली, की नाम पुढे नसतानाही ती एकटी उभी राहू शकते. मग विशेषणंही तिच्यामागून चालू लागतात.

एडगर स्टर्टेव्हंट या अमेरिकन अभ्यासकानं १९३९ साली याहून धाडसी मांडणी केली. जुन्या हित्तीत वाक्यं जोडणारी ‘शु’ आणि ‘ता’ ही अव्ययं होती. त्यांना ‘-अश्’ लागून ‘शश्’, ‘तश्’ अशी रूपं व्हायची. त्याच्या मते आपल्या सः आणि तत् यांचं मूळ त्या जोडरूपांत आहे. म्हणजे हित्ती निघून गेली तेव्हा ‘सा’ नव्हतीच, पण ‘सः’सुद्धा अजून नीट जुळलेला नव्हता.

“ग्रीक घोडा बघ,” भाची म्हणाली. “‘हो हिप्पोस’ म्हणजे घोडा, ‘हे हिप्पोस’ म्हणजे घोडी. नाम जसंच्या तसं. फरक फक्त आधीच्या ‘हो’ आणि ‘हे’मध्ये. होमरच्या ग्रीकमध्ये ते अजून दर्शक सर्वनामच आहे. स्त्रीलिंग सर्वनामात आधी आणि नामात नंतर, याहून स्पष्ट काय हवं?”

“संस्कृतात अश्वा आहे,” मावशीनं उत्तर दिलं. “लॅटिनमध्ये ‘एक्वा’ म्हणजे घोडी, लिथुआनियनमध्ये ‘अश्वा’. तीन साक्षी माझ्याकडे, एक तुझ्याकडे.”

आणि मग भाचीनं स्वतःहून एक गोष्ट सांगितली, जी तिच्या विरुद्ध जाते. हित्तीची बहीण लुवियन. तिच्या सामाईक लिंगाच्या नामांना काही विभक्तींत एक जादा ‘इ’ येऊन चिकटतो. हा ‘इ’ म्हणजे देवी, वृकी यांतल्या ‘ई’चाच अवशेष, असं नोर्बर्ट ओटिंगरनं सुचवलं होतं. तसं असेल, तर हित्तीच्या घरात स्त्रीलिंगाचं बीज तरी होतं. एलिझाबेथ रीकेन आणि इतरांनी त्याला दुसरं स्पष्टीकरण दिलं आहे. आज बहुसंख्य अभ्यासक ‘मागाहून आली’ या बाजूला झुकलेले आहेत, आणि स्नुषेच्या साक्षीमुळे प्रस्तुत लेखही त्याच बाजूचा आहे. पण लुवियनचा हा ‘इ’ नजरेआड करून कुणी निकाल देऊ नये.

एकदा घडलेली ‘ती’ नंतर प्रत्येक भाषेत वेगळी नांदली. लॅटिनमध्ये जुनी ‘सा’ मागे पडली, ‘इल्ला’ म्हणजे ‘पलीकडची ती’ पुढे आली आणि तिच्यातून फ्रेंच ‘एल’, स्पॅनिश ‘एय्या’ झाल्या. जुन्या इंग्रजीत ‘हे’ म्हणजे तो आणि ‘हेओ’ म्हणजे ती. उच्चार झिजत झिजत दोन्ही जवळजवळ सारखे झाले, आणि बाराव्या शतकात पीटरबरोच्या बखरीत, ११४० सालच्या नोंदीत, आजच्या ‘शी’चं सर्वांत जुनं रूप दिसतं. ते नेमकं कशातून आलं, यावर अजून एकमत नाही. “म्हणजे बोलणाऱ्यांना ‘ती’ हवी होती म्हणून त्यांनी ती पुन्हा मिळवली,” असं मावशी म्हणाली. भाचीनं बंगालीकडे बोट दाखवलं: तिथे नको होती, कुणी परत आणली नाही. शेजारच्या असमियात मात्र ‘सि’ म्हणजे तो आणि ‘ताइ’ म्हणजे ती.

सर्वांत विलक्षण मध्य आशियातली तोखारी. तारिम खोऱ्यातल्या हस्तलिखितांत सापडलेल्या या भाषेच्या ‘अ’ शाखेत ‘मी’लाही लिंग आहे. पुरुषाचा ‘मी’ ‘नष्’, बाईचा ‘मी’ ‘ञुक्’. संस्कृतच्या अहम्‌ला, ग्रीकच्या ‘एगो’ला असलं काही नाही. मराठीच्या ‘मी’लाही नाही, पण ‘जातो’ आणि ‘जाते’ यांतून ते येतंच, कारण ही क्रियापदं मुळात धातुसाधित विशेषणं. त्यातही कोल्हापूरकडच्या बायका बेलाशक ‘मी आलो’ म्हणतात. आणि गोव्यात कोंकणीत लहान किंवा अविवाहित मुलीला ‘ती’ नाही, नपुंसकलिंगी ‘तें’ म्हणतात, ‘तें आयलें’. लक्झेंबर्गच्या भाषेतही बाईच्या पहिल्या नावाला नपुंसकलिंगी सर्वनाम लागतं. ‘ती’ म्हणजे बाई आणि बाई म्हणजे ‘ती’, असं समीकरण आपल्याच किनाऱ्यावर मोडतं.

समाजाचा आरसा म्हणून सर्वनामाकडे पाहू नये, यावर मात्र दोघींचं एकमत झालं. जगातल्या ३७८ भाषांच्या एका तुलनेत २५४ भाषांच्या पुरुषवाचक सर्वनामांत लिंगभेद आढळलाच नाही. त्या सगळ्या समाजांत बायकांचं सारखंच चाललंय, असं कुणी म्हणणार नाही. उलट दिशेनं, चिनी भाषेत बोलण्यात तो आणि ती एकच ‘ता’. १९२०च्या सुमारास लिऊ बान्नोंगनं युरोपीय भाषांकडे पाहून ‘ती’साठी वेगळं अक्षर चालू केलं. कानाला भेद नाही, डोळ्याला आहे.

२०२३ साली हत्तुशाच्या, म्हणजे त्याच बोआझक्यॉयच्या, उत्खननात आणखी एक पाटी निघाली. मजकूर हित्तीतल्या विधीचा, पण मध्येच कलाश्मा नावाच्या प्रदेशाच्या भाषेतलं पठण. ही भाषा याआधी कुणालाच ठाऊक नव्हती. ती हित्तीच्याच शाखेतली असून लुवियनला जवळची दिसते.

“काय सापडलं तर तू तुझं मत बदलशील?” मावशीनं विचारलं.

“बाईबरोबर एक आणि पुरुषाबरोबर दुसरं, अशी दर्शकाची दोन रूपं या शाखेतल्या कुठल्याही पाटीत निघाली तर. शब्दाच्या शेवटचा ‘सर’ नको. मला ‘ही’ आणि ‘हा’ हवेत,” भाची म्हणाली. “आणि तू?”

मावशीनं विचार करून सांगितलं, की अश्वा, एक्वा आणि लिथुआनियन अश्वा या तिघी तीन भाषांनी वेगवेगळ्या घडवल्या, एकाच मूळ घरातून वारशानं आल्या नाहीत, हे कुणी ध्वनिनियमांनी दाखवलं तर ती स्नुषेची साक्ष स्वीकारेल. भाचीनं वही ओढली आणि तिन्ही रूपं एकाखाली एक लिहायला घेतली.